त्याच्या जागेवर

दिंडीत माझं नाव कुणी विचारलंच नाही. ‘त्याच्या जागी आलेले’ एवढीच ओळख. ट्रकमध्ये त्याच्या वळकटीच्या जागी माझी सॅक, आणि तंबूत त्याच्या शेजारी झोपणारे काका आता माझ्या शेजारी. त्यांच्या घोरण्याबद्दल माझा हा मित्र कधी अवाक्षर बोलला नव्हता. रिंगणाचं मात्र रंगवून सांगायचा. पहाटे तीनला टँकरखालची रांग, न वाळलेल्या पंच्यांचा वास, टॉर्च घेऊन शोधायचा आडोसा, हे सगळं त्याने गाळलं. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी रोज पहाटे चिडायचो.

2020 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा तो टीव्हीपुढे हात जोडून बसला होता. पुढच्या उन्हाळ्यात गेला. 2022 ला वारी पुन्हा निघाली, तेव्हा वहिनींनी त्याचे टाळ माझ्या हातात दिले. ‘तुम्हीच जा’ म्हणाल्या.

दिवेघाट, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान सगळं एकात एक मिसळलंय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मला पुढच्याची पाठ दिसली.

बरडहून निघालो तेव्हाच टाच ठणकत होती. धर्मपुरीच्या पुढे मोजा रक्ताळला. मी रस्ता सोडून बाभळीखाली बसलो. ऊन असं, की पावसाचा अभंग म्हणणाऱ्यांचाही राग यावा. तेवढ्यात एक आजी येऊन समोर बसली. न विचारता मोजा ओढला.

“कोन गाव?”

“पुणे.”

“मंग बरोबर.”

कमरेच्या बटव्यातून सुई-दोरा काढला, सुई काडीवर धरली, फोडाच्या आरपार घातली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर सोडला. “वढू नगंस. त्येच्यावाटं पानी जातं.” वर खोबरेल चोपडलं. तिच्या स्वतःच्या टाचांना खडा रुतेल एवढ्या भेगा. मी उगाचच सांगून टाकलं, मित्र वारला, त्याच्या जागी चाललोय. सहानुभूतीची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

“हां,” ती म्हणाली. “दुसरा पाय दाव.”

एव्हाना तिची दिंडी केव्हाच पुढे गेली होती. बाटलीतलं उरलेलं पाणी मला पाजून ती लगबगीने निघाली. पाया पडायचं राहिलं.

नातेपुत्याला समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला, तळ गप्प झाला. आमची दिंडी सोडून. टँकर आलेला नव्हता, गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं असलेल्या दिंडीने टाळ थांबवायचे नसतात. मीही वाजवत होतो, बहुधा सगळ्यांत जोरात. बोटांत दोरी रुतली. पाण्याशी माझा काही संबंध नव्हता. तो पंचेचाळिशीत का गेला, हे कोणत्या चोपदाराला विचारायचं? शेवटी विणेकरीबुवांनी मनगट धरलं. “माउली, ऐकलं त्यांनी. टँकर येतोय.”

मग हरवल्या-सापडल्याचं सुरू झालं. एक चष्मा. एक पाकीट. परभणीकडची एक आजी, हिरवं लुगडं, दिंडी चुकलेली. मला रंग आठवेना. पुढे वाखरीपर्यंत दिसेल त्या आजीच्या कमरेला बटवा आहे का, ते बघत चाललो.