हाताने सुरू केली की चालते

लिनक्सचा डेस्कटॉप, त्यावर सगळ्या टीमला फाइल्स पुरवणारी एक सर्व्हिस, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम. सकाळी मशीन चालू केलं की सर्व्हिस फेल. हाताने सुरू केली की दिवसभर चांगली चालते. हे रोज घडलं असतं तर बरं. काही दिवशी सगळं आपोआप सुरळीत व्हायचं.

सर्व्हिस कधी, कशी सुरू करायची हे जिथे लिहिलेलं असतं ती युनिट फाइल उघडली तर आधीच कुणीतरी दहा सेकंद थांबायचा स्लीप घालून ठेवलेला. असे स्लीप मला मनापासून खटकतात. दुखणं तसंच राहतं, फक्त कमी वेळा दिसतं.

जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने फेल झालेल्या एका बूटचा लॉग काढला आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या नोंदीही त्यातच घेतल्या. बाराव्या सेकंदाला आमची सर्व्हिस ठरलेल्या आयपीवर, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर, बाइंड करायला (तिथे ऐकत बसायला) गेली आणि पडली. पंधराव्या सेकंदाला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून तोच आयपी मिळाल्याची नोंद. तीन सेकंदांची चुकामूक! केबलची लिंक कधी लवकर यायची, कधी उशिरा. म्हणून काही दिवशी निभावत होतं.

युनिटमध्ये 'आफ्टर'पुढे, म्हणजे कशानंतर सुरू व्हायचं त्या ओळीत, नेटवर्क टार्गेट हा बूटमधला टप्पा लिहिलेला होता. नाव फसवं आहे. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला एवढंच ते टार्गेट सांगतं. पत्ता मिळाला की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथे नेटवर्क खरंच जोडलं गेल्यावर पूर्ण व्हायला हवं असं नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट घातलं, रीबूट केलं. पुन्हा फेल.

इथे माझा अर्धा तास गेला. 'आफ्टर' फक्त क्रम लावतं. ते टार्गेट बूटमध्ये कुणी मागितलंच नसेल, तर वाट कुणाची बघायची? म्हणून टार्गेट मागवणाऱ्या 'वॉन्ट्स' ओळीतही तेच लिहिलं. तरीही फेल! शेवटी नेटवर्कमॅनेजरची वेट-ऑनलाइन सर्व्हिस तपासली, तर ती डिसेबल. बूट लवकर व्हावं म्हणून कुणीतरी कधीतरी बंद केलेली. खरी वाट तीच बघते. ती नसल्यामुळे ऑनलाइन टार्गेट आल्याआल्या पूर्ण होत होतं.

ती एनेबल केली. खरं तर सर्व्हिसनेच सगळ्या पत्त्यांवर ऐकलं असतं तर हा प्रश्न आला नसता, पण इथे एकाच आयपीवर ऐकणं मुद्दाम ठेवलेलं होतं.

मग स्लीपची ओळ काढून टाकली, मशीन पूर्ण बंद करून पाच वेळा चालू केलं. पाचही वेळा लॉगमध्ये आधी पत्ता, मग टार्गेट, मग आमची सर्व्हिस.