एवढो कॉम्प्युटर कशाक होयो?

फायबर, म्हणजे बारीक तारा किंवा तंतू, मिसळलेल्या काँक्रीटच्या अभ्यासाला एवढा मोठा कॉम्प्युटर कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणपतीला वेंगुर्ल्याला गेलो की कोणीतरी विचारतंच, यंदा कॉन्ट्रॅक्टरी करणाऱ्या काकांनी विचारलं, "मेल्या, फायबरचा काँक्रीट बघूक एवढो कॉम्प्युटर कशाक होयो? बीम मशीनखाली घाल नि फोड!"

फोडतोच की काका. पण एकाच मिक्सरच्या मालातले बीम फोडले तरी, तडा गेल्यावर कोण किती लोड धरतो यात वीस-तीस टक्के फरक सहज पडतो, आणि मशीन नुसता आकडा देते, का ते सांगत नाही. सगळी मेख फायबर कसे पडलेत त्यात. 60 मिमी लांब, 0.75 मिमी जाड स्टीलचे फायबर घनमीटरला 40 किलो टाकले तर झाले जवळपास 1 लाख 90 हजार. टेस्टच्या 15 बाय 15 बाय 60 सेंटीच्या बीममध्ये अडीच हजार, आणि तडा जातो तिथे त्याला आडवे सापडतात जेमतेम शंभरेक! त्यात साच्याच्या कडेचे फायबर कडेला धरून झोपतात, व्हायब्रेटर जास्त फिरवला की खाली बसतात.

म्हणून कॉम्प्युटरमध्ये एकेक फायबर वेगळा ठेवायचा. त्याचं वाकवलेलं टोक सरळ होत होत काँक्रीटमधून ओढलं जातं, ताकद तिथेच खर्च होते, ते गणित प्रत्येकाचं. बीमचे 2 मिमीचे तुकडे केले तर सोळा-सतरा लाख होतात, गणित वेळेच्या छोट्या छोट्या टप्प्यांनी पुढे न्यायचं तर एकेक टप्पा अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) आत ठेवावा लागतो, आणि हे सगळं फायबर नव्याने विखरून परत परत. घरच्या लॅपटॉपचं काम नाही, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे तसली मशीन लागते. बीमचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळ्या प्रोसेसरला द्यायचा. आता तडा जातो मधोमध, म्हणजे मधल्या प्रोसेसरांची दमछाक आणि कडेचे रिकामे, पंगतीत दोघंच वाढतायत नि बाकीचे ओटीवर गप्पा मारतायत तसं. खरं सांगू, माझा निम्मा वेळ काँक्रीटमध्ये नाही, या वाटपात जातो.

आणि आपल्याकडे हे जास्त लागतं. जेटीवर लाटेचं पाणी उडतं तिथे तडा रुंद झाला की मीठ थेट सळईपर्यंत, मग गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडतं. फायबर तडा बारीक ठेवतात. वरवरचे फायबर स्वतः गंजतात, तांबडे डाग दिसतात, पण एवढ्याशा तारेच्या गंजाने कव्हर उडत नाही. तडा किती बारीक राहील हेच तर मॉडेलमधून काढायचं असतं.

काकांचा खरा प्रश्न नंतर आला. दुकानात मिळतं ते प्लास्टिक फायबरचं पाकीट टाकलं तर स्लॅबची सळई कमी करता येईल का? नाही काका. ते ओलं काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक तड्यांपुरतं. सळई डिझाईनमध्ये आहे तेवढी टाका, आणि कव्हरमध्ये कंजुषी नको, समुद्र दोनशे मीटरवर आहे.