ट्राइकचा सायलेन्सर निवडताना कानांचाही विचार व्हावा

सायलेन्सर आपण बहुधा उभ्या गाडीवर निवडतो. कोणीतरी इंजिन सुरू करते, मूठ दोनदा पिळते, छातीत हादरा जाणवतो आणि तिथेच निर्णय होऊन जातो. ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल, मात्र आपण मुख्यतः लांबच्या प्रवासासाठी घेतो, आणि त्या प्रवासात इंजिन तासन्‌तास जवळजवळ एकाच गतीने फिरत असते. अर्धा मिनिट ऐकताना सुखावणारा आवाज पाचव्या तासाला कानांना आणि डोक्याला कसा वाटेल, याचा अंदाज उभ्या गाडीवर येत नाही. मी ही चूक केली आहे आणि तिची खूण माझ्या कानांवर कायमची राहिली आहे, म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले.

माझ्या ट्राइकला मी पहिल्यांदा बदलून बसवलेला सायलेन्सर आतून जवळजवळ मोकळ्या नळीसारखा होता. त्यावरून दोन वर्षे मनसोक्त प्रवास केला. प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर कानांना दडे बसत, समोरच्याचे बोलणे भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटे आणि रात्री आडवे झाल्यावर कानात बारीक किर्र आवाज येत राही. सकाळपर्यंत सारे ठीक होई, त्यामुळे तो थकव्याचाच भाग आहे असे मी धरून चाललो होतो. पुढे ती किर्रकिर्र सकाळीही जाईनाशी झाली, तेव्हा श्रवणचाचणी करून घेतली. आलेखात दोन्ही कानांची रेषा ४००० हर्ट्झच्या आसपास खाली गेली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी दोनच प्रश्न विचारले: आठवड्याला किती तास गाडीवर असता, आणि कानात काय घालता? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत, म्हणजे कर्णशंखात, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करणे हे त्यांचे काम आहे. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानंतर बसणारे दडे काही तासांनी सुटतात हे खरे, पण म्हणून इजा झालीच नाही असे होत नाही. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात असे दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले अनेक सांधे कायमचे नष्ट झालेले होते. वरच्या पट्टीतले ऐकू येणे कमी झाले की सुरुवातीला आवाज लहान झाल्यासारखा वाटत नाही, शब्द पुसट होतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ ही व्यंजने आधी हरवतात, त्यामुळे गर्दीत कोणी ‘चाल’ म्हणाले की ‘शाल’, हे ओठांकडे पाहूनच ठरवावे लागते.

आता आकड्यांकडे वळतो, कारण डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेसारखे चालत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दर १० डेसिबलला ती दहापट होते, आणि आपल्याला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाज एवढीच जाणवते. म्हणजे कानावर पडणारा मार आपल्या जाणिवेच्या पुष्कळ पुढे धावत असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नायॉश’ने, सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. हा हिशेब कारखान्यातल्या कामगारांसाठी केलेला असला, तरी आवाज यंत्राचा आहे की हौसेचा, हे केसपेशींना कळत नाही.

सायलेन्सरवर खर्च करण्याआधी मला कोणीतरी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट आहे. महामार्गावरच्या वेगाला चालकाच्या कानावर सर्वांत मोठा मार इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. हेल्मेटच्या खालच्या कडेपाशी, मानेजवळ आणि हनुवटीखाली वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि त्यांचा घोंगाट थेट कानाशी येतो. हेल्मेटच्या आत कानाजवळ केलेल्या मोजमापांत ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० किलोमीटरला सुमारे ११० डेसिबल आवाज आढळला आहे. हेल्मेट वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी अडवते, खालच्या पट्टीतला फारसा अडवत नाही. म्हणून गाडीला कितीही शांत सायलेन्सर बसवला तरी लांबच्या प्रवासात कानात बोळे हवेतच.

मग सायलेन्सरच्या निवडीने काय फरक पडतो? माझ्या मते पुष्कळ पडतो, आणि तो कुठे पडतो हे समजण्यासाठी इंजिनाची गती पाहावी लागते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. दोन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० स्फोट होतात, म्हणजे आवाजाचा मूळ सूर ४० हर्ट्झ. सहा सिलिंडरच्या इंजिनात त्याच गतीला तो १२० हर्ट्झ असतो. दोन्ही सूर खर्जातलेच आहेत, म्हणजे नेमके हेल्मेट जिथे दुबळे पडते तिथले. त्यात सायलेन्सरची लांबी आणि पोकळी एखाद्या विशिष्ट गतीला अनुनाद देऊ लागली की एक जाड घुमारा सुरू होतो. तो फक्त कानातूनच येतो असे नाही. आसन, पाठटेका आणि मूठ यांतूनही तो अंगात शिरतो. इंजिनाची गती शंभर-दोनशे फेऱ्यांनी इकडेतिकडे केली की तो नाहीसा होतो, पण आपला प्रवासाचा नेहमीचा वेग नेमका त्याच जागी पडत असेल तर ती गाडी दिवसभर चालवणे ही शिक्षा ठरते. म्हणून सायलेन्सर ऐकायचा तो आपल्या नेहमीच्या वेगाच्या फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, हलका चढ असलेल्या रस्त्यावर आणि किमान अर्धा तास. तसाच सायलेन्सर बसवलेली कोणाची तरी ट्राइक मिळवून त्यावरून एक फेरी मारणे हा मला सापडलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सायलेन्सरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा पोलादी तारांचा कीस भरलेला असतो; ध्वनी त्या कीसात जिरतो. दुसऱ्यात आडपडदे आणि कप्पे असतात. वायू वळसे घेत जातो आणि परावर्तित लहरी एकमेकींना मारतात. पहिला प्रकार हलका असतो आणि वायूला कमी अडवतो, पण तो वरच्या पट्टीतला कर्कशपणा जितका चांगला शोषतो तितका खर्ज शोषत नाही. शिवाय भरलेला कीस उष्णतेने हळूहळू जळतो आणि उडून जातो. आवाज इतक्या सावकाश वाढत जातो की रोज चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. कप्प्यांचा सायलेन्सर जड असतो, पण खर्ज तोच नीट आवरतो. मी आता कप्प्यांचाच वापरतो आणि त्याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. बाहेर काढता येणारा आतला पडदा असलेले सायलेन्सरही मिळतात, पण तो पडदा काढून टाकण्याचा मोह फार लवकर होतो, असे अनुभवाने सांगतो.

ट्राइकच्या बांधणीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. मागे दोन चाके, मध्ये आस, वर सामानाची पेटी आणि दोन्ही बाजूंना रुंद मडगार्ड अशी रचना असते, त्यामुळे दुचाकीचा सायलेन्सर जशाच्या तसा बसत नाही. ट्राइक वळणावर झुकत नाही, त्यामुळे पाइप रस्त्याला घासण्याची वळणावरची भीती नसते, परंतु गतिरोधक आणि चढउताराच्या कडा यांवर आसेखालून गेलेला पाइप आपटू शकतो. पाइप ब्रेकच्या नळ्या, वायरी आणि पेटीचा तळ यांच्यापासून पुरेसा दूर आहे का आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा आहे का, हे गाडीखाली वाकून स्वतः पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाइपचे तोंड मडगार्ड आणि पेटी यांच्या पलीकडे निघाले पाहिजे. रुंद पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर पुन्हा पुढे ओढला जातो. तो मागच्या आसनापर्यंत पोहोचला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. मडगार्डच्या पोकळीत उघडणारे तोंड आवाजही तिथेच घुमवते. ज्या ट्राइकची दोन चाके पुढे असतात, किंवा ज्यांत मोटारीचे इंजिन मागच्या बाजूला बसवलेले असते, त्यांत पाइपचा मार्ग वेगळा असतो. पण तोंड कुठे उघडते हा प्रश्न तिथेही आधी विचारावा.

कागदावरच्या आकड्यांची तुलना करताना फसगत होते. धावत्या गाडीचा आवाज युरोपीय पद्धतीत ७.५ मीटरवरून मोजतात आणि अमेरिकी पद्धतीत १५ मीटरवरून. उभ्या गाडीचा मात्र पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून एका सायलेन्सरचा ९४ आणि दुसऱ्याचा ८० हे आकडे अंतर जाणून घेतल्याशिवाय शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत तीनचाकींच्या आवाजासाठी नियम क्रमांक ९ आहे, दुचाकींसाठी ४१ आणि बदली सायलेन्सरसाठी ९२. तो लागू असलेल्या ठिकाणी सायलेन्सरवर मान्यतेची खूण कोरलेली असते. ही खूण नसलेला, ‘केवळ शर्यतीसाठी’ असे लिहिलेला माल रस्त्यासाठी घेऊ नये.

बसवल्यानंतरच्या एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. मूठ सोडल्यावर फटफट असे बार उडू लागले की बरेच जण खूश होतात, परंतु ते बहुधा सांध्यातून हवा आत शिरत असल्याचे किंवा इंधनाचे मिश्रण पातळ झाल्याचे लक्षण असते. नवे गॅस्केट, योग्य ताकदीने आवळलेले नट आणि गरज असल्यास इंधनाची फेरजुळणी एवढे केले की ते थांबतात.

आता बोळ्यांविषयी. साध्या फोमच्या इअरप्लगवर आवाज किती डेसिबलने कमी होतो हे सांगणारा, अमेरिकी पद्धतीने ३३ पर्यंतचा आकडा छापलेला असतो, पण प्रत्यक्षात तेवढे संरक्षण मिळत नाही. सावध हिशेब असा करतात: छापील आकड्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. ३३ चे १३ होतात. हेल्मेटमध्ये १०० डेसिबल असतील तर कानापर्यंत ८७ पोहोचतात आणि १५ मिनिटांची मर्यादा सुमारे ५ तासांवर जाते. हा निम्म्याचा हिशेब धरावा लागतो, कारण बहुतेक जण बोळा नीट घालत नाहीत. बोटांनी वळून तो बारीक वातीसारखा करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, वात आत सरकवावी आणि बोळा फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. बाहेर टोक राहिले तर हेल्मेट घालताना ते सरकते. काढताना झटका न देता हळूहळू पिळत काढावा. कानाच्या साच्यावरून बनवलेले सिलिकॉनचे प्लग दिवसभर अधिक सुखाचे वाटतात. मी लांबच्या प्रवासाला तेच वापरतो.

बोळ्यांमुळे हॉर्न आणि सायरन ऐकू येणार नाहीत ही शंका मलाही होती. चांगल्या श्रवणशक्तीच्या माणसाला वाऱ्याचा घोंगाट आणि हॉर्न दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी ऐकू येतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक टिकून राहतो. उलट कान थकत नाहीत म्हणून तो अधिक स्पष्ट कळतो. ज्यांचे श्रवण आधीच कमी झाले आहे त्यांनी मात्र श्रवणतज्ज्ञांना विचारून, कमी अडवणारे फिल्टरचे प्लग घ्यावेत. काही प्रदेशांत वाहन चालवताना दोन्ही कान झाकण्यावर कायद्याची बंधने आहेत, तीही पाहून घ्यावीत.

पुढची काच हा वेगळाच प्रश्न आहे. तिच्या वरच्या कडेवरून सुटलेली गढूळ हवा थेट हेल्मेटवर आदळत असेल, तर काच नसतानापेक्षा जास्त गोंगाट होतो. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर थोडे खाली वाकून किंवा ताठ बसून आवाज बदलतो का ते ऐकावे. बदलत असेल तर काचेची उंची किंवा कोन बदलण्यासारखा आहे. माझ्या गाडीची काच चार बोटे उतरवल्यावर जो फरक पडला, तो सायलेन्सर बदलूनही पडला नव्हता.

मागे बसणाऱ्याचा विचार सर्वांत कमी होतो. त्याचे आसन उंच असते, डोके काचेच्या आडोशाबाहेर असते आणि पाइपचे तोंड चालकापेक्षा त्याला जवळ असते. माझी पत्नी प्रवासानंतर डोके दुखते असे दोन वर्षे सांगत होती आणि मी ते उन्हावर ढकलत होतो. आता टाकीवरच्या लहान पिशवीत बोळ्यांच्या दोन डब्या असतात, एक तिची आणि एक माझी. आधी बोळे, मग हेल्मेट, मग हातमोजे, असा क्रम आम्ही ठरवला आहे. घाईत हातमोजे आधी चढवले गेले, तर ते काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.