स्किड-स्टीअर मॉडेल: टायरची नक्षी आणि काळ्या मातीतील पहिल्या चाचण्या

1:8 प्रमाणातील स्किड-स्टीअर लोडरच्या (पुढच्या बकेटने माती उचलणाऱ्या छोट्या यंत्राच्या) मॉडेलचा सांगाडा, दोन्ही बाजूंच्या साखळ्या आणि दोन स्वतंत्र मोटारी यांची जुळवणी मागच्या टप्प्यात झाली होती. या टप्प्यात मी केवळ चाकांच्या नक्षीवर काम केले. आधाराला 10-16.5 या मापाचा खरा टायर घेतला आहे. यातील पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 30.5 इंच असल्यामुळे मॉडेलचे चाक साधारण 97 मिलिमीटरचे झाले.

ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी लहान करून येथे बसवावी, असे प्रथमदर्शनी वाटते. पण या यंत्राची गरज मुळातच वेगळी आहे. ट्रॅक्टर पुढची चाके वळवून दिशा बदलतो, तर स्किड-स्टीअरची चारही चाके सरळच राहतात आणि एका बाजूचा वेग कमी-जास्त केल्यावर यंत्र चाके आडवी घसटत वळते. मिनेसोटातील सिरिल आणि लुई केलर या बंधूंनी 1957 मध्ये टर्की पक्ष्यांच्या कोठारातील सफाईसाठी जो छोटा लोडर बनवला, त्याला तीनच चाके होती आणि मागचे चाक मोकळे फिरणारे होते, त्यामुळे घसटण्याचा प्रश्न फारसा येत नव्हता. मेलरो कंपनीने 1960 मध्ये त्याच धर्तीवर चारही चाकांना गती देणारे यंत्र आणले. माझ्या मते या यंत्रांच्या नक्षीचा खरा प्रश्न तेव्हापासून सुरू होतो, कारण त्याच टायरने पुढे जाताना जमीन घट्ट धरायची आणि वळताना ती सोडायची, अशी दुहेरी अपेक्षा निर्माण झाली.

ही अपेक्षा दात्याच्या (टायरवरील उंच रबरी पट्टीच्या) कोनावर येऊन ठेपते. दाता आसाला समांतर असेल, तर सरळ ओढताना तो पूर्ण लांबीने माती अडवतो आणि आडवे घसरताना मातीतून लांबीच्या दिशेने सरकतो. कोन जसजसा वाढतो, तसतसा तो आडव्या हालचालीलाही अडवू लागतो. म्हणून मी एक संच आसाशी 45 अंशांच्या दात्यांचा आणि दुसरा 23 अंशांच्या दात्यांचा केला. जागच्या जागी वळताना दुसऱ्या संचावर मोटारींना पडणारा ताण स्पष्टपणे कमी आहे. मात्र दात्याचे खांद्याकडचे (टायरच्या बाहेरच्या कडेचे) टोक उभे कापलेले असेल, तर ते वळताना नांगराच्या फाळासारखे मातीचा वरंबा पुढे ढकलते, म्हणून ती टोके मी उतरती केली आहेत.

इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या नक्षीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिचे टोक जमिनीला आधी टेकले, तरच माती मधून बाहेर सरकते आणि खाचा मोकळ्या राहतात. परंतु जागच्या जागी वळताना एका बाजूची चाके उलटी फिरतात, आणि लोडरच्या कामाचा मोठा भाग तसाही मागे येण्यातच जातो. उलट्या फिरणाऱ्या चाकात तीच नक्षी माती मधोमध गोळा करते. ट्रॅक्टरच्या बाबतीत गौण असलेला हा दोष येथे अर्ध्या कामाचा दोष ठरतो, म्हणून तिसऱ्या संचात मी मधला भाग सलग न ठेवता दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांपासून तोडून आलटून-पालटून बसवले आहेत.

चाचणीसाठी दोन पेट्या भरल्या: एकीत एरंडोलकडच्या आमच्या शेतातील काळी माती, दुसरीत घराच्या बांधकामातून उरलेली वाळू. या दोन पदार्थांत ओढीचे गणितच निराळे आहे. वाळूची ताकद कणांच्या घर्षणात असते, म्हणून यंत्राचे वजन वाढवले की ओढ वाढते. ओल्या चिकणमातीची ताकद तिच्या चिकटपणात असते, तेथे टेकलेले क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते आणि वजनाचा उपयोग फार थोडा. स्प्रिंगच्या काट्याला दोरी बांधून ओढ मोजताना हा फरक लगेच दिसतो. वाळूत खोल दाते चाकाला खाली उकरत नेतात, त्यामुळे तेथे उथळ आणि रुंद दात्यांचा संच सरस ठरला. काळी माती वाफशावर असताना सगळेच संच चांगले चालले. तीच माती पाणी घालून भिजवल्यावर खाचा भरल्या, नक्षी दिसेनाशी झाली आणि सर्व संच गुळगुळीत चाकाच्या पातळीवर आले. सर्वांत उशिरा भरला तो रुंद खाचांचा, उतरत्या भिंतींचा आणि तळाशी गोलाई असलेला संच. आपल्या खानदेशातील जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी पिऊन फुगणारे खनिज मुबलक असल्यामुळे, येथे दात्याच्या उंचीपेक्षा खाच स्वतःला किती साफ करते याला मी अधिक महत्त्व देतो.

हे निष्कर्ष खऱ्या यंत्राला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. 3000 किलोच्या यंत्राचे 1:8 मॉडेल 6 किलोच्या आतच राहते, कारण वजन 512 पटीने घटते आणि टेकलेले क्षेत्रफळ फक्त 64 पटीने. म्हणजे जमिनीवरचा दाब आठव्या हिश्शावर येतो, आणि मातीचा चिकटपणा मात्र तोच राहतो. मॉडेलमध्ये खाचा खऱ्यापेक्षा लवकर भरतात, हे गृहीत धरूनच संचांची आपसांत तुलना करावी. रिकाम्या यंत्राचे सुमारे 70 टक्के वजन मागच्या आसावर असते आणि बकेट भरली की ते पुढे सरकते, म्हणून प्रत्येक संच दोन्ही अवस्थांत तपासला. रिकामे असताना पुढची चाके घसटतात, भरल्यावर मागची.

साहित्याबाबत थोडक्यात: टीपीयूचे (लवचीक प्लास्टिकचे) टायर थ्री-डी प्रिंटरवर आडवे ठेवून छापले, तर थर आसाच्या दिशेने रचले जातात आणि वळतानाचा आडवा जोर नेमका थरांच्या सांध्यावर येऊन दाते उचकटतात. शिवाय 95ए (शोर मापनपट्टीवरील) कठीणपणाचे टीपीयू टायरच्या रबरापेक्षा बरेच कडक असते. त्यामुळे आता साचा छापून त्यात मऊ पॉलियुरेथेन ओततो.

पुढचा टप्पा रबरी ट्रॅकचा, म्हणजे चाकांऐवजी फिरणाऱ्या सलग पट्ट्याचा आहे. खऱ्या यंत्रात ट्रॅकमुळे जमिनीवरचा दाब 4 ते 5 पौंड प्रति चौरस इंचापर्यंत उतरतो, म्हणून ओल्या जमिनीत त्याला पर्याय नाही. पण दाब सर्वत्र सारखा मानल्यास वळण्याचा विरोध घर्षणगुणांक, वजन आणि टेकलेली लांबी यांच्या गुणाकाराच्या चौथ्या हिश्शाइतका येतो. लांबी वाढवली की तरंगणे (मऊ जमिनीत न रुतणे) सुधारते आणि वळणे जड होते. ट्रॅकच्या मध्यावर आडवी घसट जवळपास शून्य असते आणि दोन्ही टोकांना सर्वाधिक. पट्टा फिरत राहत असल्यामुळे टोकांसाठी वेगळी नक्षी देता येत नाही, म्हणून प्रत्येक दात्याने दोन्ही भूमिका निभावल्या पाहिजेत. ठोकळ्यांची नक्षी काँक्रीटवर टिकते आणि आडव्या पट्ट्यांची नक्षी चिखलात उठून दिसते. मी आडव्या पट्ट्यांचा साचा आधी करत असून त्यात खाचेची रुंदी पट्टीच्या दुप्पट ठेवली आहे. कोणी चोपडा-यावल भागातील तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत लहान ट्रॅक चालवला असेल, तर खाच आणि दाता यांचे प्रमाण किती ठेवले होते, ते जरूर कळवावे.