मनस्तापाच्या भरपाईवर आयकर असावा का?

पुण्यात फ्लॅटचा ताबा रखडणे इतके सर्रास झाले आहे की ग्राहक आयोगाच्या आदेशाचा साचा अनेकांना तोंडपाठ असतो: भरलेली रक्कम परत, तिच्यावर ठरावीक दराने व्याज, शारीरिक व मानसिक त्रासापोटी काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च. वाकडला घर नोंदवलेल्या माझ्या एका परिचित बाईंना असाच आदेश मिळाला आणि, विशेष म्हणजे, त्याप्रमाणे पैसेही मिळाले. विवरणपत्र भरायला बसल्यावर मात्र त्यांना दिसले की बिल्डरने व्याज आणि मानसिक त्रासाची रक्कम एकत्र करून दोन्हींवर दहा टक्के उद्गम कर (टीडीएस) कापला होता आणि कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ती सगळी रक्कम ‘व्याज’ म्हणूनच नोंदली गेली होती. मला मनस्ताप झाला हे आयोगाने मान्य केले, मग त्याबद्दल मिळालेल्या पैशांना माझे उत्पन्न कोणत्या अर्थाने म्हणायचे, असे त्यांनी मला विचारले. मी कर सल्लागार नाही, नोकरीभर हिशेब तपासण्यात गेलेला माणूस आहे. पण या प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले.

आपल्या कायद्यात या प्रश्नाचे थेट उत्तर नाही. (कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्यातील देतो आहे, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी आजवरचे सगळे निवाडे जुन्या क्रमांकांनीच बोलतात.) कलम २(२४) मधील उत्पन्नाची व्याख्या बंदिस्त नसून समावेशक आहे, म्हणजे तिथे एखाद्या रकमेचा उल्लेख नाही एवढ्यावरून ती उत्पन्न नाही असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, एखादी जमा रक्कम करपात्र आहे हे दाखवण्याची जबाबदारी खात्याची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच सांगितले आहे. भांडवली जमा आणि महसुली जमा हा भेद तर त्याहून जुना आहे: बुडालेल्या नफ्याच्या किंवा पगाराच्या जागी आलेला पैसा महसुली, आणि नफा मिळवण्याच्या साधनालाच झालेल्या हानीबद्दल आलेला पैसा भांडवली. भांडवली जमेवर, कायद्यात तशी खास तरतूद असल्याशिवाय, कर लागत नाही. मनाचे स्वास्थ्य हे उत्पन्नाचे साधन नव्हे, पण ते महसूलही नव्हे, त्यामुळे या भेदाच्या आधारे मानसिक त्रासाची भरपाई कराबाहेर राहते असे म्हणायला चांगली जागा आहे. अडचण अशी की, मोबदल्याशिवाय मिळालेली पन्नास हजारांवरील रक्कम ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ मानणारे कलम ५६(२)(x) पुढे करून एखादा अधिकारी वाद घालू शकतो, आणि लाख-दीड लाखाच्या रकमेसाठी अपिलापर्यंत जाण्याची ताकद फार थोड्यांकडे असते.

संसदेने जिथे मनावर घेतले तिथे मात्र सूट स्पष्ट शब्दांत दिली आहे. भोपाळ वायुदुर्घटनेची भरपाई आणि नैसर्गिक वा मानवनिर्मित आपत्तीनंतर सरकारकडून मिळणारी भरपाई करमुक्त आहे. सर्वांत बोलके उदाहरण भूसंपादनाचे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या भरपाईवर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. बाजारभाव, झाडे, विहीर, बांधकाम हे सगळे आधीच मोजून झालेले असते. दिलासा रक्कम दिली जाते ती मालकाच्या मनाविरुद्ध जमीन घेतली जाते म्हणून. त्याच कायद्याचे कलम ९६ म्हणते की अशा निवाड्यातील रकमेवर आयकर लावू नये, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ साली परिपत्रक काढून ते मान्य केले. म्हणजे सक्तीच्या वियोगाबद्दल दिलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ते फक्त सातबाऱ्यापुरते मर्यादित राहिले आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्याच्या कलम १५ मध्ये भरपाई ठरवताना विचारात घ्यायच्या बाबींत पहिली बाब आहे पीडित महिलेला झालेला मानसिक आघात, वेदना आणि भावनिक क्लेश. करिअरची संधी हुकल्याने झालेले नुकसान आणि शारीरिक वा मानसिक उपचारांचा खर्च या बाबी त्यानंतर येतात. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याचे कलम २२ देखील मानसिक छळ व भावनिक क्लेशाबद्दल भरपाई देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना देते. दोन्ही कायद्यांनी मनाच्या दुखण्याची रुपयांत मोजणी करायला सांगितले, पण त्या रकमेच्या कराबद्दल दोन्ही गप्प आहेत. पहिल्या कायद्यात तर ही रक्कम दोषी व्यक्तीच्या पगारातून कापून देता येते. त्या पगारावर त्याने कर भरलेलाच असतो. तीच रक्कम महिलेच्या हाती पडल्यावर पुन्हा करपात्र ठरवली, तर छळातून सरकारला दुसऱ्यांदा महसूल मिळतो, हे मला विचित्र वाटते. आणि ही रक्कम त्याच कंपनीच्या वेतनपत्रकातून आल्यामुळे तिला सरळ पगार समजले जाण्याचा धोका वेगळाच.

अमेरिकेत हा वाद टोकाला गेला आणि तिथला निकाल मला पटत नाही. वैयक्तिक इजेची भरपाई तिथे १९१८ च्या महसूल कायद्यापासून करमुक्त होती. १९९६ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्या कलमात ‘शारीरिक’ हा शब्द घातला आणि भावनिक क्लेश म्हणजे शारीरिक इजा नव्हे, असेही स्पष्ट केले. क्लेशावरील वैद्यकीय उपचारांच्या खर्चाएवढी रक्कम तेवढी वगळली. निद्रानाश, डोकेदुखी, पोटाचे विकार ही क्लेशाची लक्षणे असल्यामुळे तीही शारीरिक इजेत मोडत नाहीत, असे त्या वेळच्या समितीच्या अहवालाने नोंदवून ठेवले. पुढे कामाच्या ठिकाणच्या पर्यावरणीय धोक्यांबद्दल तक्रार करणाऱ्या एका महिलेला सूडबुद्धीने वागवले गेले, म्हणून तिला सत्तर हजार डॉलर मिळाले: पंचेचाळीस हजार मानसिक क्लेशासाठी आणि पंचवीस हजार व्यावसायिक प्रतिष्ठेच्या हानीसाठी. त्यावर तिने वीस हजारांहून अधिक डॉलर कर भरला आणि परतावा मागितला. ताणामुळे दात इतके खाल्ले जात की दातांनाच इजा झाली होती, असा तिचा एक मुद्दा होता. पण भरपाई दातांसाठी नव्हे तर मनस्तापासाठी दिली होती, म्हणून तो टिकला नाही. वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला: गमावलेल्या गोष्टीच्या जागी आलेला पैसा घटनेच्या अर्थाने उत्पन्न नाही, आणि तिने गमावलेले मनःस्वास्थ्य करपात्र कधीच नव्हते. मोठा गदारोळ झाला. त्याच न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो निकाल मागे घेतला आणि जुलै २००७ मध्ये उलट निर्णय दिला की, काँग्रेसला या रकमेवर कर लावायचा असेल तर तसा अधिकार तिला आहे.

अधिकार आहे हे ठीक. पण मोडलेल्या हाडाला सूट आणि मोडलेल्या झोपेला नाही, ही रेघ कोणत्या तत्त्वावर ओढली आहे? ब्रिटननेही एप्रिल २०१८ पासून नोकरी संपताना दुखावलेल्या भावनांबद्दल मिळणारी रक्कम इजेच्या सवलतीतून वगळली, मात्र निदान झालेल्या मनोविकाराची बाब सवलतीत ठेवली. अमेरिकेपेक्षा ही रेघ बरी, पण डॉक्टरचा कागद मिळवू शकणाऱ्यालाच न्याय, असा तिचाही अर्थ होतो.

कर लावण्याच्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा वेगळा आहे. सरसकट सूट दिली, तर नोकरीतून काढताना द्यायचा पैसा ‘मानसिक त्रासापोटी’ असे लिहून दिला जाईल, कंपनी तो खर्चात दाखवेल, कर्मचारी करमुक्त घेईल आणि खात्याच्या हाती काही लागणार नाही. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतील तडजोडनामे पाहिलेल्या कोणालाही ही शंका निराधार वाटणार नाही. म्हणून माझे मत असे आहे की, न्यायालय, आयोग किंवा कायद्याने स्थापन झालेली समिती यांनी स्वतंत्रपणे ठरवलेली मानसिक त्रासाची रक्कम करमुक्त असावी, आणि दोन पक्षांनी आपापसात लिहिलेल्या रकमेला ती सवलत नसावी. बुडालेल्या पगाराची भरपाई पगारासारखीच करपात्र असावी, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

व्याजाबाबत थोडे सावध बोलायला हवे, कारण तिथेच सर्वाधिक गोंधळ झाला. भरपाईवरील व्याज ज्या वर्षी हाती येईल त्या वर्षाचे उत्पन्न मानावे आणि त्याच्या निम्म्या रकमेची वजावट द्यावी, अशी तरतूद २००९ साली आली. ती मोटार अपघाताच्या दाव्यांनाही लावली गेली. वास्तविक अपघाती मृत्यूत कुटुंबाचे नुकसान मोजताना मृताच्या उत्पन्नातून आयकर आधीच वजा केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिलेली पद्धतच ती आहे. तरीही वर्षानुवर्षे रखडलेल्या दाव्याच्या व्याजावर कर मागितला जात होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की, दावा दाखल झाल्यापासून निवाड्यापर्यंतचे व्याज हा भरपाईचाच भाग आहे, उत्पन्न नव्हे. २०२६ च्या अर्थसंकल्पात व्यक्तींना मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून मिळणारे व्याज करमुक्त करण्याचा आणि त्यावरील उद्गम कर काढून टाकण्याचा प्रस्ताव अर्थमंत्र्यांनी मांडला. ग्राहक आयोगाकडे किंवा लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतील अंतर्गत समितीकडे जाणाऱ्यांसाठी असा एखादा परिच्छेद कोणी अजून लिहिलेला नाही.

त्या परिचित बाईंची अडचण यामुळे सुटत नाही. मानसिक त्रासाची रक्कम उत्पन्न नाही अशी भूमिका त्यांनी घेतली, तर आयकर नियमांतील नियम ३७बीए आडवा येतो: कापलेल्या कराचे श्रेय त्या रकमेचे उत्पन्न दाखवल्यावर मिळते. म्हणजे कापलेला कर परत हवा असेल तर त्रासाला उत्पन्न म्हणा, आणि उत्पन्न म्हणायचे नसेल तर परताव्यासाठी बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राशी पत्रव्यवहार करा. त्यांच्या वकिलांनी आता नव्या तक्रारींत प्रत्येक रकमेचे शीर्षक आदेशात स्वतंत्र यावे आणि मानसिक त्रासाच्या रकमेतून कोणतीही कपात करू नये, अशी विनंती प्रार्थनेच्या, म्हणजे मागण्यांच्या, कलमातच लिहायला सुरुवात केली आहे.