पोर्ट यायचा आणि गायब व्हायचा: माझा अनुभव

‘बीआरएलटीटीवाय काढून टाक, काम होईल.’ यूएसबीला लावलेला माझा बोर्ड लिनक्सला सापडेना म्हणून ज्याला विचारावं तो हेच सांगत होता आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. आमचा संगणक ताई आणि मी दोघं वापरतो. ताईला दिसत नाही. ती ब्रेल डिस्प्लेवर (बोटांनी वाचायच्या उठावाच्या टिंबांच्या पट्टीवर) वाचते आणि स्क्रीनवरचा मजकूर त्या डिस्प्लेवर आणतो तो हाच प्रोग्राम. तो काढायचा म्हणजे तिचं वाचन बंद करायचं!

लिनक्सची नवी आवृत्ती टाकली, बाकी सगळं सुरळीत. फक्त माझा आर्डुइनोसारखा (प्रोग्राम चढवून प्रयोग करायचा छोटा इलेक्ट्रॉनिक) बोर्ड सापडेना. बोर्डावरचा दिवा लागायचा, पण यादीत पोर्टच (संगणक बोर्डाशी बोलतो ती वाट) नाही. केबल बदलली (काही केबलींतून नुसतं चार्जिंग होतं, हे आधी तपासा), जागा बदलून पाहिली. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडा ठेवून बोर्ड लावला. ओळी सरकल्या: सीएच३४१ कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० या पोर्टला जोडला. लगेच खाली बीआरएलटीटीवायचं नाव. त्याच्याखाली तोच कन्व्हर्टर सुटल्याची नोंद. म्हणजे पोर्ट येत होता, पण टिकत नव्हता.

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडताना उत्पादकाचा आणि उत्पादनाचा क्रमांक सांगतं. स्वस्त बोर्डांवर असते ती सीएच३४० चिप (लॉगमधलं सीएच३४१ हे तिच्याच ड्रायव्हरचं नाव) सांगते १ए८६:७५२३. हा क्रमांक चिपचा, आख्ख्या यंत्राचा नव्हे. एका ब्रेल डिस्प्लेचाही क्रमांक हाच, म्हणून तो प्रोग्रामच्या यादीत आहे. क्रमांक जुळला की प्रोग्राम उपकरण ताब्यात घेतो. सीपी२१० आणि एफटीडीआयच्या चिपांचंही असं होऊ शकतं.

‘मग आपोआप ओळखणंच बंद करा’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: डिस्प्ले चालू झाल्याशिवाय ताईने तो निवडायचा मेनू वाचायचा कसा?

उपाय एका ओळीचा निघाला. लावलेलं उपकरण कोणाकडे द्यायचं, हे लिनक्समध्ये यूडेव्हच्या नियमांच्या फाइली ठरवतात. यूएसआर, लिब, यूडेव्ह, रूल्स.डी या फोल्डरातली ८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स ही फाइल ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स.डीमध्ये त्याच नावाने कॉपी केली आणि कॉपीत १ए८६/७५२३च्या नियमापुढे हॅश (#) टाकला, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही. मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की बदल पुसला जातो. मग नियम पुन्हा लोड केले, बोर्ड काढून लावला. पोर्ट आला आणि टिकला!

आणि हो, हॅश टाकण्याआधी एलएसयूएसबी ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी आज्ञा चालवून घरातल्या डिस्प्लेचा क्रमांक बघा. तोही हाच असेल तर ती ओळ तशीच राहू द्या. ताईच्या डिस्प्लेचा वेगळा होता. तिने तो लावला, पहिल्या ओळीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, ‘आलं.’ त्यानंतरच मी बोर्डावर प्रोग्राम चढवायला घेतला. तिथे परवानगी नाही असा संदेश आला, तर आपलं नाव डायलआउट गटात (अशा पोर्टची परवानगी असलेल्यांच्या) घालून लॉगआउट करून परत या.