सोलापूरच्या गच्चीवर पार्टागास शॉर्ट्स सिगार

सोलापुरात कुंभारीकडच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मित्राकडे मुक्काम होता. दुपारी पोचलो तर त्याची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, तेंदूचं भिजवलेलं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं आणि दोरा बांधायचा, नजर टीव्हीवर आणि बोटं आपली चालूच.

मी बॅगेतून सिगार काढला तसा त्यांनी हातात मागून घेतला. पार्टागास शॉर्ट्स, हवानाचा 1845 पासूनचा ब्रँड, लांबी जेमतेम 110 मिलिमीटर आणि रिंग गेज 42, म्हणजे जाडी साधारण पावणेसतरा मिलिमीटर. मावशींनी तो टोकापासून टोकापर्यंत अंगठ्यानं हळूहळू दाबत नेला, "भरणी एकसारखी आहे रे बाळा, कुठं मऊ लागंना. पण दोरा कुठाय?" टोपीचं, म्हणजे ओढायच्या टोकावरचं पान वनस्पतीच्या डिंकानं चिकटवतात म्हटल्यावर त्यांनी ती जागा नखानं चाचपून बघितली. सिगारची भरणी अशी तपासणारं माणूस मला आजवर कुठल्या दुकानात भेटलं नाही!

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी असं दणकून जेवलो आणि मग गच्चीवर गेलो. स्ट्राँग सिगार उपाशीपोटी ओढायचाच नाही, गरगरतं. आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे हवा एकदम कोरडी, त्यात वरचं पान तडकतं, म्हणून ओलावा राखणारा ह्युमिडिटी पाऊच घातलेल्या पिशवीतून आयत्या वेळी काढला.

पेटवल्या पेटवल्या मिरी, अगदी नाकापर्यंत. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा, तरी जीभ चुरचुरते. ही ताकद लिगेरो पानांची, ती झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली, जाड आणि तेलकट. मध्यावर मिरी मागे सरते आणि काळी कॉफी, जुनं लाकूड, चामड्याचा वास असं सगळं एकत्र यायला लागतं, माझ्या मते खरा सिगार तो एवढाच, बाकीचं अलीकडचं पलीकडचं. ड्रॉ मोकळा होता, म्हणजे धूर सहज ओढता येत होता, राख घट्ट आणि करडी, एका बाजूनं जळतोय असं कुठंच झालं नाही, मावशींच्या अंगठ्यानं ते दुपारीच सांगितलं होतं.

अर्ध्या तासात संपतो. रोबस्टो नावाच्या मोठ्या, जाड आकाराच्या सिगारला तासभर लागतो आणि चव तिथे सावकाश उलगडते, इथे सगळं दाटीवाटीनं येतं आणि मला तेच आवडतं. शेवटची दोन बोटं मात्र कडू आणि गरम लागतात, तिथे सोडून द्यावा. नवशिक्यानं यापासून सुरुवात करू नये, पण ज्याला तिखट झेपतं त्यानं जरूर घ्यावा.